विमान घेणं सोपं, पाळणं अवघड

पेणहून रोह्याला एसटीने जायचं म्हणजे वडखळ, नागोठणे करत चांगला दीड तास मोडतो. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर हे अंतर जेमतेम ३३ किलोमीटर भरतं. चार आसनांचं, एका पंख्याचं सेस्ना १७२ जातीचं विमान ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतं. म्हणजे पेणच्या मिठागरांवरून निघून कुंडलिकेच्या काठापर्यंत यायला त्याला नऊ मिनिटं पुरतील. अडचण एवढीच की, उतरायला ना पेणला धावपट्टी आहे, ना रोह्याला.

धावपट्टी नसली तरी विमानाची चर्चा मात्र आता आमच्याकडे घरोघर चालते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. हा विमानतळ उलव्याजवळ, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात आहे. तेव्हापासून दहावी-बारावीच्या मुलांचे आईबाप मला विचारतात, वैमानिक व्हायला काय लागतं? एखादा हौशी तरुण हळूच विचारतो, स्वतःचं छोटं विमान घेता येतं का हो? कवीला हे का विचारतात, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. माझा भाचा हे शिक्षण घेऊन आला आहे आणि त्याच्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून माझी सही आहे. कवितेत आकाश फुकट मिळतं. बँकेत मिळत नाही.

पहिलं उत्तर सोपं आहे. आपल्या देशात खासगी माणसाला विमान घेता येतं, बाळगता येतं आणि परवाना असेल तर चालवताही येतं. ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईत जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये सुरू झाला. तिथेच शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्यानंतर आगाखानांनी एक बक्षीस लावलं. इंग्लंड आणि भारत यांच्यातलं अंतर एकट्याने, सर्वांत आधी जो भारतीय पार करेल त्याला ते मिळणार होतं. जेआरडी आपलं छोटं जिप्सी मॉथ विमान घेऊन कराचीहून इंग्लंडकडे निघाले. समोरून, इंग्लंडहून, अस्पी इंजिनीअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा येत होता. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पीचं विमान स्पार्क प्लगअभावी अडून बसलं होतं. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी पुढे गेला आणि थोडक्या फरकाने बक्षीसही त्यालाच मिळालं. हाच मुलगा पुढे १९६० मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यातला स्पार्क प्लग महत्त्वाचा वाटतो. हजारो मैलांचा प्रवास तळहातावर मावणाऱ्या वस्तूपाशी थांबला होता. म्हणूनच आजच्या छोट्या विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक नव्हे, दोन प्लग असतात. सेस्ना १७२ चे सिलिंडर चार, म्हणजे प्लग आठ. त्यांना ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांपासून स्वतंत्र. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर विमान खाली आणता येतं. उड्डाणाआधी धावपट्टीच्या तोंडाशी थांबून वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो आणि इंजिनाचे फेरे किती उतरतात ते बघतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त उतरले, तर विमान वळवून परत आणायचं. प्रवासी कितीही मोठा असो, घाई कितीही असो.

आता शिकण्याविषयी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, त्याच्या नियमांनुसार सोळाव्या वर्षी विद्यार्थी परवाना मिळू शकतो. हौसेपुरतं उडवायचं असेल तर खासगी वैमानिकाचा परवाना. त्याला वय सतरा, शिक्षण दहावी आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. नोकरी करायची असेल तर व्यावसायिक परवाना हवा. त्याला वय अठरा आणि उड्डाण किमान २०० तास. शिवाय हवामान, दिशाशोधन, हवाई कायदा, विमानाची तांत्रिक माहिती अशा विषयांच्या लेखी परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा परवाना आणि वैद्यकीय तपासणी. ही तपासणी पैसे भरण्याच्या आधी करून घ्यावी. रंगांधळेपणा असलेल्या मुलाला तो घरात कधीच जाणवलेला नसतो आणि फी भरल्यावर कळून उपयोग नसतो.

माझ्या भाच्याने हे सगळं रीतसर केलं. लेखी परीक्षा पहिल्या फेरीतच सुटल्या. दीड वर्षात परत येईन, असं सांगून तो जिल्ह्याबाहेरच्या एका संस्थेत गेला. पूर्ण व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागली. मुलगा हुशार होता, हवाही बहुतेक दिवस चांगली होती. मग वेळ कशात गेला? मी फोन केला की तो म्हणायचा, “मामू, विमान हँगरमध्ये आहे.” एकदा इंजिन उतरवलेलं, एकदा सुट्या भागाची वाट, एकदा तपासणी करणारा इंजिनीअरच नाही. इकडे बँकेचं व्याज मात्र कधी हँगरमध्ये गेलं नाही. माझ्या बहिणीने घर तारण ठेवलं होतं. आज त्याच्या हातात परवाना आहे आणि तो नोकरीच्या रांगेत उभा आहे. पण त्या वाढलेल्या दीड वर्षाने मला विमानाचं खरं गणित शिकवलं.

ते गणित असं. मोटारीचं वय आपण किलोमीटरमध्ये मोजतो, विमानाचं तासांत मोजतात. साधारण ५० तासांनी इंजिनाचं तेल बदलायचं. जुनं तेल टाकताना त्याचा फिल्टर कापून उघडतात आणि आत धातूचे कण दिसतात का ते बघतात. कण दिसले तर आत काहीतरी झिजतं आहे. दर १०० तासांनी मोठी तपासणी. झाकणं उघडायची, प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा, चाकं, ब्रेक, नियंत्रणाच्या तारा तपासायच्या. आणि साधारण २,००० तास किंवा बारा वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करायचं, असं इंजिन बनवणारी कंपनी सांगते.

आता विद्यार्थ्याच्या बाजूने बघा. एका मुलाला २०० तास हवेत. म्हणजे त्याच्या एकट्याच्या शिक्षणात विमानाच्या दोन मोठ्या तपासण्या येतात. असे दहा विद्यार्थी शिकले की दोन हजार तास झाले, म्हणजे ढोबळमानाने एका इंजिनाचं सगळं आयुष्य संपलं. दहा विद्यार्थी, एक इंजिन! संस्थेकडे विमानं किती, त्यांतली आज उडणारी किती, आणि मुलं किती, यावर शिक्षण दीड वर्षात होणार की तीन, हे ठरतं. माहितीपत्रकातल्या पांढऱ्या गणवेशावर ते ठरत नाही.

स्वतःचं विमान बाळगणाऱ्यालाही हेच गणित लागू आहे. नवं सेस्ना १७२ घ्यायचं तर साडेतीन कोटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. जुनं स्वस्तात मिळतं, पण १९५६ पासून बनत आलेल्या या जातीची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमानं निघाली आहेत आणि त्यांतली कितीतरी मालकांपेक्षा वयाने मोठी आहेत. ती टिकली ती निगराणीवर. विमान विकत घेतलं की त्यावर व्हीटी अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक येतो. पण नोंदणी म्हणजे उडण्याची परवानगी नव्हे. उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र वेगळं, त्याचा दरवर्षीचा आढावा वेगळा, विमा वेगळा, रेडिओचा परवाना वेगळा. दुरुस्ती मालकाने मनाला येईल तिथे करायची नाही. मान्यताप्राप्त संस्थेत, परवानाधारक अभियंत्याने ती करायची आणि लॉगबुकात लिहून खाली सही करायची. ती सही नसेल तर कोट्यवधींचं विमान हे फक्त एक चकचकीत पत्र्याचं कपाट आहे.

इंधनाचंही तसंच. हे इंजिन मोठ्या विमानांच्या रॉकेलसारख्या इंधनावर चालत नाही. त्याला अ‍ॅव्हगॅस लागतं. ते निळं रंगवलेलं असतं, म्हणजे डोळ्याला ओळखू यावं. पूर्वी ते आपल्याकडे परदेशातून आणावं लागे. इंडियन ऑइलने गुजरातमधल्या आपल्या कारखान्यात बनवलेलं अ‍ॅव्हगॅस सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणलं. सेस्ना १७२ ताशी तीस-बत्तीस लिटर पिते. तरी खर्चापेक्षा मोठी काळजी पाण्याची. अर्ध्या भरलेल्या टाकीत दमट हवेतली वाफ धरते आणि तिचं पाणी होऊन तळाशी बसतं. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी पंखाखालच्या छोट्या झडपांतून काचेसारख्या पेल्यात थोडं थोडं इंधन काढून उजेडात धरायचं. तळाला पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. तो दिसेनासा होईपर्यंत काढत राहायचं.

आमच्या कोकणच्या माणसाला ही काळजी नवी नाही. आगोटीच्या आधी कौलं शाकारायची, लाकडं आत घ्यायची, होडी ओढून वर आणायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. कोकणात विमान ठेवणाऱ्याला ही आगोट बारा महिने पाळावी लागेल. खारी हवा अ‍ॅल्युमिनियमला रंगाच्या आतून खाते. वर नुसता फुगवटा दिसतो आणि खाली पांढरी भुकटी झालेली असते. मुसळधार पावसात तर छप्पर असलेलं हँगर हवंच. १९३२ मध्ये टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि सगळा पसारा पुण्याला हलवावा लागे.

आणखी एक पाहुणी आपल्या ओळखीची आहे, ती म्हणजे कुंभारीण, भिंतीवर मातीचं घर करणारी माशी. विमानाला वेग कळतो तो पंखाला किंवा नाकाला लावलेल्या बारीक नळीतून आत येणाऱ्या हवेच्या दाबावरून. तिला पिटो नळी म्हणतात. ती उघडी राहिली तर कुंभारीण तिथे घर करते आणि वेगाचा काटा खोटं बोलू लागतो. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकहून निघालेलं एक मोठं प्रवासी विमान समुद्रात कोसळलं आणि त्यातले १८९ जण गेले. ते विमान काही दिवस जमिनीवर उभं होतं आणि नळी बहुधा अशाच माशीच्या घराने बुजली असावी, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता. त्या नळीवर कापडी टोपी घालायची आणि उडण्याआधी आठवणीने काढायची. टोपीला लाल फीत असते ती याचसाठी.

ज्यांना विमान विकत घेणं परवडत नाही, ते बनवतातही. मूळचे सातारा जिल्ह्यातले वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाली. कागदांच्या या वाटेवर त्यांनी काढलेली वर्षं पाहून कुणालाही वाईट वाटेल. तरीही विमान खाली कुणाच्या तरी कौलांवरूनच जाणार असतं, म्हणून तपासणी हवीच. फक्त ती वेळेत व्हावी, एवढीच मागणी रास्त आहे.

पेण-रोह्याच्या आईबापांना म्हणून मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, विमानतळ म्हणजे फक्त वैमानिक नव्हे. विमान दुरुस्तीचा परवाना मिळवणारा अभियंता हाही तिथला मानाचा माणूस आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित असेल तर मुलांना आणि मुलींनाही तो रस्ता खुला आहे. त्याच्या सहीशिवाय वैमानिक जागचा हलू शकत नाही. दुसरी, उडायलाच शिकायचं असेल तर संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा. २०२५ पासून डीजीसीए अशा संस्थांची प्रतवारीही जाहीर करू लागलं आहे, तीही वाचा. मग प्रत्यक्ष जाऊन विचारा, आज उडण्याजोगी विमानं किती? एका विमानामागे विद्यार्थी किती? तुमचा इंजिनीअर इथला की बाहेरून येणारा? इंजिनाचे किती तास उरलेत? मागच्या तुकडीला दोनशे तास भरायला किती महिने लागले?

हे प्रश्न विचारायला विज्ञानाची पदवी लागत नाही. मी बी.ए.चा माणूस, मलाही ते विचारता येतात. विचारा, हँगरमध्ये स्वतः डोकावून या आणि मगच घराचे कागद बँकेत न्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)