राष्ट्रपति भवनाच्या दारीं

दिल्लीस गेलेला मराठी प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनारापुढें उभा राहतो, हुमायूनची कबर पाहून येतो. पण रायसीना टेकडीवरील प्रासाद मात्र तो बहुधा लोखंडी फाटकाच्या गजांमधूनच पाहून परततो. त्याला कोणीं अडविलेलें नसतें. आंत जावयाचें तर कोणा मोठ्या माणसाची चिठ्ठी हवी, दिल्लींत ओळख हवी, अशी त्याची समजूत असते, आणि या समजुतीपायीं तो साधी विचारपूसहि करीत नाहीं. वस्तुतः येथें वशिल्याचें कांहीं काम नाहीं. आगाऊ नांव नोंदविणें आणि नेमल्या वेळीं ओळखपत्र घेऊन हजर राहणें, एवढ्यावर हें दार उघडतें.

या गोष्टीस महत्त्व एवढ्यासाठीं, कीं हें दार सामान्य माणसाकरितां केलेलेंच नव्हतें. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारांत पंचम जॉर्ज बादशहांनीं राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा केली. रायसीना व मालचा या गांवांच्या जमिनी सरकारनें घेतल्या, तेथील कुटुंबें उठलीं, आणि सर एडविन लुटियन्स यांच्या आराखड्याप्रमाणें व्हाइसरॉयच्या निवासाचें काम सुरू झालें. तें पुरें होण्यास सुमारें सतरा वर्षें लागलीं. तीनशें चाळीस खोल्यांच्या या घरांत १९२९ सालीं लॉर्ड आयर्विन राहावयास आले, आणि १९४७ सालीं लॉर्ड माउंटबॅटन यांच्याबरोबर व्हाइसरॉय हें पदच संपलें. जितकीं वर्षें बांधण्यांत गेलीं, जवळजवळ तितकींच वर्षें तें घर ज्यांच्यासाठीं बांधलें त्यांच्या उपयोगीं पडलें. त्या काळांत येथें येणारा माणूस एकतर निमंत्रित असे, नाहीं तर चाकर असे. तिसऱ्या माणसाला तेथें जागा नव्हती.

जून १९४८ मध्यें चक्रवर्ती राजगोपालाचारी हे पहिले हिंदी गव्हर्नर जनरल म्हणून येथें आले. व्हाइसरॉयचें भव्य शयनगृह त्यांच्या साध्या वृत्तीस मानवलें नाहीं. त्यांनीं पाहुण्यांच्या भागांतील लहान खोल्या आपल्या राहण्यास पसंत केल्या, आणि पुढील राष्ट्रपतींनींहि तीच वहिवाट ठेवली. अन्नधान्याच्या टंचाईच्या दिवसांत राजाजींनीं आवारांतील कांहीं जमीन नांगरून धान्याखालीं आणली, हीहि गोष्ट प्रसिद्ध आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं प्रजासत्ताक स्थापन झालें, डॉ. राजेंद्रप्रसाद पहिले राष्ट्रपति झाले, आणि वास्तूला आजचें नांव मिळालें. जळगांव जिल्ह्यांतून आलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळांत येथें राहिल्या. या घराची धनीण झालेल्या त्या पहिल्या महिला राष्ट्रपति होत.

आतां प्रत्यक्ष भेटीच्या व्यवस्थेकडे वळूं. भेटीचे तीन स्वतंत्र भाग आहेत: मुख्य इमारत, वस्तुसंग्रहालय आणि उद्यान. तिहींची नोंदणी वेगवेगळी होते, हें आरंभींच ध्यानीं घ्यावें. पुष्कळ कुटुंबें एकाची नोंद करून तिन्हीं पाहावयास मिळतील अशा समजुतीनें येतात आणि हिरमुसून जातात. नोंदणी राष्ट्रपति भवनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. दिवस निवडावयाचा, त्या दिवसांतील मोकळी वेळ निवडावयाची, आणि बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचें नांव व ओळखपत्राचा तपशील भरावयाचा. मुख्य इमारत व संग्रहालय यांस शुल्क आहे, तें नाममात्र आहे. उद्यानास शुल्क नाहीं. ज्या ओळखपत्राचा तपशील दिला तेंच मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावें. परदेशचें नागरिकत्व घेतलेला भाऊ किंवा भाची बरोबर असेल, तर तिचा अथवा त्याचा पासपोर्ट विसरूं नये. कोणत्या फाटकानें यावयाचें आणि कोणत्या वस्तू आंत नेतां येतात, हें नोंदणीच्या वेळींच वाचून ठेवावें. सामान जितकें कमी, तितका तपासणीचा खोळंबा कमी.

दिवस निवडतांना दोन गोष्टींचा विचार करावा. सोमवारीं ही भेट मिळत नाहीं. शिवाय ही कांहीं ओसाड पडलेली बादशाही इमारत नव्हे. येथें आजहि राज्यकारभार चालतो. परदेशचे राष्ट्रप्रमुख आले, शपथविधि किंवा पदवीदानासारखा समारंभ निघाला, म्हणजे दालनें लोकांस बंद होतात. म्हणून शहाण्या कुटुंबानें ही भेट मुक्कामाच्या अखेरच्या दिवशीं ठेवूं नये; आरंभीं ठेवावी, म्हणजे चुकल्यास दुसरा दिवस हातीं राहतो.

दुसरी गोष्ट उद्यानाची. पंधरा एकरांचें हें उद्यान पूर्वीं ‘मुघल गार्डन’ म्हणून ओळखलें जाई. जानेवारी २०२३ पासून त्याचें नांव ‘अमृत उद्यान’ झालें. तें मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्यें, फुलांच्या भर बहरांत, कांहीं आठवडे सर्वांस खुलें असतें. आपल्याकडील मुलांच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात, आणि दिल्लीचा प्रवास ठरतो तो दिवाळींत नाहीं तर मे महिन्यांत. अशा कुटुंबानें उद्यानाची आशा धरून बेत मोडूं नये. इमारत व संग्रहालय यांनीं सबंध दिवस सार्थकीं लागतो.

इंडिया गेटकडून पश्चिमेस येतांना एक चमत्कार ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. दुरून प्रासाद स्पष्ट दिसतो. विजय चौकाशीं आल्यावर तो टेकडीआड लपतो व घुमट तेवढा उरतो. चढ चढून गेल्यावर तो पुन्हां प्रकट होतो. सचिवालयाच्या दोन इमारती हर्बर्ट बेकर यांनीं टेकडीच्या माथ्यावर आणल्या, आणि मधल्या रस्त्याचा चढ दोघांच्या संमतीनें ठरला. त्या चढानें आपलें घर झांकलें जाणार हें लुटियन्स यांच्या मागाहून लक्षांत आलें. त्यांनीं पुष्कळ तक्रारी केल्या, दोघा मित्रांत वितुष्ट आलें. पण चढ तसाच राहिला.

आंत मार्गदर्शकाबरोबर फिरावयाचें असतें. घुमटाखालचें दालन सर्वांत आधीं मनांत ठसतें. बाहेरून हा घुमट सांचीच्या स्तूपाची आठवण देतो. पूर्वींचा हा ‘दरबार हॉल’. जुलै २०२४ मध्यें त्याचें नांव ‘गणतंत्र मंडप’ असें ठेवलें. येथें व्हाइसरॉय व त्यांच्या पत्नी यांचीं सिंहासनें असत. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळानें शपथ घेतली ती याच दालनांत, आणि पहिल्या राष्ट्रपतींचा शपथविधिहि येथेंच झाला. आज राष्ट्रपतींच्या आसनामागें गुप्तकालीन बुद्धमूर्ति उभी आहे. शेजारचा ‘अशोक हॉल’ मुळांत नृत्यगृह होता. त्याची लांकडी जमीन पायांखालीं किंचित् दबते, आणि छतावर इराणच्या फत्तेअली शहाच्या शिकारीचें चित्र आहे. त्यालाहि आतां ‘अशोक मंडप’ म्हणतात. खांबांच्या माथ्यावर दगडी घंटा कोरलेल्या दिसतात. घंटा वाजली कीं राज्य बुडतें, अशी एक समजूत होती. म्हणून न वाजणाऱ्या घंटा घडविल्या, असें सांगतात. राज्य गेलें, घंटा मात्र तेथेंच आहेत.

संग्रहालय पूर्वींच्या तबेल्यांच्या व मोटारखान्याच्या जागीं आहे. तेथें राष्ट्रपतींच्या बग्ग्या आहेत, देशोदेशींच्या भेटवस्तू आहेत, आणि १९११ च्या दरबाराशीं संबंध असलेली चांदीची खुर्चीहि आहे. ज्या खुर्चीवरून नव्या राजधानीचें भाकीत झालें, ती आज शाळेंतलीं मुलें रांगेनें पाहून जातात.

नांव नोंदविण्याची, ओळख पटविण्याची, तपासणींतून जाण्याची ही सारी यातायात कोणास अपमानकारक वाटण्याचा संभव आहे. परंतु निमंत्रण आणि नोंद यांतील भेद मोठा आहे. निमंत्रण देणें न देणें यजमानाच्या मर्जीवर असतें. नोंदींत मर्जीला जागा नाहीं. पुण्याच्या प्राध्यापकाला आणि लातूरच्या शेतकऱ्याला तेथें एकच अर्ज भरावा लागतो, आणि दोघेहि एकाच रांगेंत उभे राहतात. जो प्रवासी चिठ्ठीसाठीं कोणा पुढाऱ्याच्या दारीं जातो, तो आपल्या हक्काची गोष्ट उपकार म्हणून मागून आणतो. त्यानें तसें न करतां घरीं बसून अर्ज भरावा, मुलांचीं नांवें त्यांच्याकडूनच लिहून घ्यावीं, आणि ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीं फाटकाशीं पोंचावें.