‘वाट सोपी आहे’ असे लिहिण्यापूर्वी

बँकेच्या नोकरीत शिक्का आणि शेरा या दोन गोष्टींशी माझा रोजचा संबंध होता. निवृत्तीनंतर त्या दोन्ही पुन्हा हाती आल्या, मात्र डोंगरवाटेवर. नातवंडांनी सुट्टीत मोबाइल बाजूला ठेवावा म्हणून आमच्या कुटुंबात काही वर्षांपूर्वी आम्ही ‘लेटरबॉक्सिंग’ हा खेळ सुरू केला. एका डब्यात कोरी वही आणि रबरी शिक्का घालून तो वाटेवर ठेवायचा व तेथे पोहोचण्याच्या खुणा कोड्याच्या रूपाने कागदावर लिहून द्यायच्या. डबा सापडला की त्यातील शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का त्या वहीत उमटवायचा आणि डबा होता तसा ठेवून पुढे निघायचे. बक्षीस काही नाही. प्रत्येक घराने आपला शिक्का करून घेतला आहे. आमच्या वहिनींचा कमळाचा आहे.

या खेळाचे मूळ इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानात आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दलदलीतील आडजागी एक बाटली ठेवली. तेथवर जाऊन पोहोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड त्या बाटलीत टाकावे, एवढाच हेतू. त्या काळी तेथे जाणारा वाटाड्याबरोबर जाई. त्यामुळे वाट किती अवघड आहे हे कागदावर लिहिण्याचे कारण नव्हते. वाटाडा गेला आणि कागद उरला, तेव्हा ही जबाबदारी कागद लिहिणाऱ्यावर आली. ती मी कशी पार पाडली, ते सांगणे भाग आहे.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीतील एका रविवारी आमची चार घरे, एकूण एकोणीस माणसे, पनवेलहून प्रबळमाचीला निघाली. खुणांचा कागद माझा. त्यावर सर्वांत वर मी लिहिले होते : ‘वाट सोपी. वेळ दोन तास.’ पहिला डबा पायथ्याच्या ठाकूरवाडीत चहावाल्याकडे, दुसरा माचीवर जेथे जेवण सांगितले होते त्या घराच्या ओसरीवर. तिसऱ्या ठिकाणी डबा नव्हता, प्रश्न होता. माचीवरून कलावंतीण सुळका आणि प्रबळगड यांच्यामधील खिंडीत जायचे, सुळक्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांपैकी वीस चढायच्या, मागे वळायचे आणि समोर दिसणाऱ्या गडाचे नाव लिहायचे.

माचीपर्यंत सर्व सुरळीत झाले. जेवून मंडळी खिंडीकडे निघाली. तो चढ घसाऱ्याचा. पायाखालची माती आणि दगड सरकतात. वहिनी सहासष्ट वर्षांच्या, पण चालण्यात कोणाला हार जाणाऱ्या नव्हेत. त्या खिंडीत पोहोचल्या, वीस पायऱ्या चढल्या आणि कागदात लिहिल्याप्रमाणे मागे वळल्या. त्या पायऱ्यांना कठडा नाही. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सरळ दरी. वहिनी जागच्या जागी बसल्या. त्यांना वर जाता येईना, खाली येता येईना. मुलगा शेजारी उभा होता, पण त्याच्याकडेही त्या पाहत नव्हत्या.

सुमारे तासाभराने माचीवरचा एक तरुण आला. त्याने ‘घाबरू नका’ असे एकदाही म्हटले नाही. तो त्यांच्या खालच्या पायरीवर, दरीच्या बाजूने, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे त्यांना दरीऐवजी तोच दिसावा. आणि बसल्या बसल्या एकेक पायरी उतरवत त्याने त्यांना खिंडीत आणले. आम्ही ठाकूरवाडीत पोहोचलो तेव्हा काळोख पडला होता. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नियम. संध्याकाळचा डबा गाडीत तसाच राहिला होता. घरी पोहोचल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, वाट अवघड होती म्हणून मी काही बोलत नाही. तुम्ही सांगितलं नव्हतं, एवढंच.”

मी बँकेत असतो आणि माझ्यासमोर असा कागद आला असता, तर तो मी परत पाठवला असता. कर्जखात्यावर नुसता ‘उत्तम’ असा शेरा चालत नाही. कशावरून उत्तम, तारण काय, कोणत्या तारखेस पाहिले, हे लिहावे लागते. व्यापारी वाचकांना तर नमुना एक आणि माल दुसरा याचा अर्थ सांगायलाच नको. माझे ‘सोपी’ हे ठाकूरवाडी ते माची या वाटेपुरते खरे होते. तो शब्द मी पुढच्या खिंडीवर आणि पायऱ्यांवरही पांघरला. शिवाय मी स्वतः तेथे गेलो होतो त्याला बारा वर्षे झाली होती. तेव्हा मी पन्नाशीचा होतो आणि बरोबर तरुण सहकारी होते. ती तारीख कागदावर नव्हती.

किल्ल्यांच्या मराठी माहितीपुस्तकांत ‘श्रेणी’ असा रकाना असतो आणि त्यात सोपी, मध्यम, कठीण यांपैकी एक शब्द. तो निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण तो शब्द लिहिणारा बहुधा सराईत भटका असतो आणि वाचणाऱ्याच्या बरोबर आजी असते. स्वित्झर्लंडच्या गिर्यारोहण संस्थेने पायवाटांच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. तेथे वाटेची श्रेणी तिच्यातील सर्वांत अवघड टप्प्यावरून ठरते, सरासरीवरून नव्हे. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओकॅशिंग या लेटरबॉक्सिंगच्या धाकट्या भावंडाने आणखी एक शहाणपण केले : डबा शोधणे किती कठीण आणि तेथे पोहोचणे किती कठीण, यांना एक ते पाच असे दोन वेगळे आकडे. पोहोचण्याचा आकडा एक असेल, तर चाकाच्या खुर्चीतील माणूसही तेथे जाऊ शकतो. माझे कोडे खरोखर सोपे होते. प्रबळगड समोर दिसत असताना त्याचे नाव कोण चुकेल? कोड्याचा सोपेपणा मी वाटेच्या खाती जमा केला.

डोंगरात भटकणारे लोक कठडा नसलेल्या जागी जी भीती वाटते तिला ‘दृष्टिभय’ म्हणतात. फार नेमका शब्द आहे. पाय दमत नाहीत, डोळे दमतात. दमसासाशी याचा संबंध नाही. पंचविशीच्या तरुणाला ते असू शकते आणि सत्तरीच्या गृहस्थाला नसू शकते. म्हणून त्याची नोंद चढापासून वेगळी हवी.

वेळेचा हिशेब मी आता नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ मधील सूत्रावर करतो. पाच किलोमीटर सपाट चालीस एक तास आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. समजा, वाट तीन किलोमीटर आणि चढ चारशे मीटर : छत्तीस अधिक चाळीस, म्हणजे शहात्तर मिनिटे. हे न थांबणाऱ्या, धडधाकट माणसाचे माप. आमच्या मंडळींसाठी मी त्याची सरळ दुप्पट करतो आणि घसारा असेल तर उतरण्यासही तेवढाच वेळ धरतो. त्यावरून सूर्यास्ताच्या दोन तास आधी पायथ्याशी पोहोचायचे असेल तर परत कधी फिरायचे, ते घड्याळाच्या वेळेत लिहितो.

पावसाळ्याचा विषय मात्र मी एका ओळीत संपवतो. कलावंतिणीच्या वाटेवर प्रशासन पावसाळ्यात अनेकदा बंदी घालते, आणि बंदी नसली तरी शेवाळलेल्या कातळपायऱ्यांवर कुटुंब नेण्याचे कारण नाही.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही कर्नाळ्यास गेलो. त्यापूर्वी आठ दिवस मी एकटा जाऊन वाट पाहून आलो. ते अभयारण्य असल्याने रानात डबा ठेवायचा नाही हे आधीच ठरवले. शिक्के पुतण्यांच्या खिशात, आणि ते ठरल्या ठिकाणी बसून राहणार. कागदावर या वेळी असे लिहिले :

‘कोडे सोपे. वाट तीन भागांत. फाटकापासून पहिला भाग झाडीतला, सावलीचा; मुले व वृद्धांस चालेल. पुढे धारेपर्यंत उभा चढ, मुळे आणि सुटे दगड. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, उतरताना अधिक त्रास होईल. धारेवर कर्णाई देवीचे देऊळ. त्यापुढे किल्ल्याकडील भागात काही ठिकाणी बाजूला उतार उघडा आहे. दृष्टिभय असणाऱ्यांनी देवळाशी थांबावे, तेथेही शिक्का मिळेल. सुळक्यावर आग्या मोहोळे आहेत. अत्तर लावू नये, आरडाओरडा करू नये, धूर करू नये. पाणी प्रत्येकी दोन लिटर घरून आणावे. कोठेही असा, दीड वाजता परत फिरावे. वाट पाहिल्याची तारीख खाली दिली आहे.’

वहिनींनी कागद दोनदा वाचला. “उतरताना अधिक त्रास” या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि नातवाकडून काठी मागून घेतली. देवळाशी पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, “मी इथेच बसते. तुम्ही या जाऊन.” आम्ही किल्ला पाहून परतलो तेव्हा पुतण्याच्या वहीत कमळ उमटलेले होते आणि वहिनी झाडाखाली बसून त्याला सोललेली संत्री देत होत्या.