विंटेज मोटारीतील वायरिंगचे नूतनीकरण : सुरक्षितता आणि मूळ स्वरूप

प्रस्तावना :
जुन्या मोटारीचे जतन करताना पत्रा, रंग व इंजिन यांकडे जेवढे लक्ष पुरविले जाते तेवढे वायरिंगकडे दिले जात नाही. वस्तुतः जीर्ण वायरिंग हे अशा मोटारीला आग लागण्याचे एक महत्त्वाचे कारण ठरू शकते. प्रस्तुत लेखात १९४८ ते १९७१ या काळात ब्रिटनमध्ये निर्माण झालेल्या मॉरिस मायनर या मोटारीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मूळ रचना व तिच्या मर्यादा :
या मोटारीची विद्युतव्यवस्था १२ व्होल्टची असून बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. मुख्य फ्यूज दोनच असून हेडलाइटच्या मंडलाला फ्यूजचे संरक्षण नसते. उष्णता व तेल यांमुळे तारेवरील रबर कडक होऊन तडकते. उघडी पडलेली तार बॉडीला टेकल्यास बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि फ्यूज नसेल तर तारच तापून पेट घेते.

दुसरा दोष मंद प्रकाशाचा. ६० वॉटचे दोन दिवे १० अँपिअर प्रवाह घेतात व हा सर्व प्रवाह जुन्या स्विचमधून जातो. गंजलेल्या जोडांमुळे विद्युतदाब १० टक्के घटला, तर प्रकाश सुमारे ३० टक्के कमी होतो. म्हणजेच दोष पुष्कळदा बल्बचा नसून जोडांचा असतो.

सुधारणेचे टप्पे :
१) प्रथम बॉडीशी असलेले सर्व जोड घासून स्वच्छ व घट्ट करावेत.
२) जीर्ण हार्नेस पूर्ण बदलावा. आतून पीव्हीसी व बाहेरून सुती वेष्टन असलेल्या तारा वापरल्यास मूळ रूप टिकते.
३) हेडलाइटसाठी रिले व स्वतंत्र फ्यूज बसवावेत. त्यामुळे स्विचमधून रिलेपुरताच अत्यल्प प्रवाह जातो.
४) फ्यूज निवडताना सावधगिरी बाळगावी. जुना ब्रिटिश ३५ अँपिअरचा फ्यूज सातत्याने सुमारे १७ अँपिअरच वाहतो. ३५ हा वितळण्याचा आकडा आहे. त्याजागी आधुनिक ३५ अँपिअरचा फ्यूज बसविल्यास संरक्षण निम्म्याने घटते.
५) डायनामोची क्षमता सुमारे २० अँपिअर असून मंद गतीत तो जवळजवळ काहीच चार्जिंग करीत नाही. म्हणून नवीन उपकरणांचा भार वाढविण्यापूर्वी बेरीज करून पाहावी.

मूळ स्वरूपाचा प्रश्न :
भारतात २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात असावे लागते. चासी, बॉडी वा इंजिन यांतील बदल त्यात बसत नाहीत. म्हणून रिले दृष्टीआड बसवावेत, पत्र्याला नवी छिद्रे पाडू नयेत, जुना हार्नेस जपून ठेवावा आणि केलेल्या बदलांचा आराखडा मोटारीसोबत ठेवावा.

निष्कर्ष :
वायरिंगच्या नूतनीकरणाचा हेतू नव्या सोयी जोडणे हा नसून मूळ रचनेतील संरक्षणाची उणीव भरून काढणे हा असावा. जो बदल पूर्ववत करता येतो, तो मूळ स्वरूपास बाधक ठरत नाही. उलट, आगीत नष्ट झालेली मोटार मात्र कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.