जुन्या मिगला नवे डोळे

मुंबई-आग्रा रस्त्यावर नाशिक मागे टाकले की ओझर येते. पंचक्रोशीत अजूनही ‘ओझर मिग’ म्हणून ओळखला जाणारा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना इथला. ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी ठरली. सुमारे वीस वर्षे ओझरहून मिग-२१ बाहेर पडत राहिले. त्यांतल्याच शेवटच्या मालिकेची, म्हणजे ‘बिस’ची, १२५ विमाने पुढे पुन्हा ओझरला आली, खोलली गेली आणि ‘बायसन’ या नावाने नव्याने उडाली. जुन्या लढाऊ विमानात नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे बसवून काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घ्यायला बायसनइतके बोलके उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

१९९० च्या दशकाची सुरुवात आठवा. पाकिस्तानकडे १९८३ पासून एफ-१६ होती. सोव्हिएत संघ कोसळला होता, सुट्या भागांची ददात होती. मिराज आणि मिग-२९ हाताशी होती, पण थोडी. देशी तेजस विमानाचा प्रकल्प १९८३ सालीच मंजूर झालेला, विमान मात्र धावपट्टीवर नव्हते. हवाई दलाचा कणा होता मिग-२१, आणि त्याची नजर अधू होती. म्हणून १९९६ मध्ये रशियाशी करार झाला. पहिली दोन विमाने निझनी नोव्हगोरोदला बदलली गेली, त्यांतल्या पहिल्याने १९९८ मध्ये उड्डाण केले. उरलेले काम ओझरने केले.

काम सोपे नव्हते. मिग-२१ चे नाक म्हणजे इंजिनात हवा घेणारे तोंड. त्याच्या मधोमध जो शंकू, तेवढीच जागा रडारला. त्या शंकूत रशियन ‘कोप्यो’ बसवले गेले. त्याचा अँटेना जेमतेम अर्ध्या मीटरचा, तरी लढाऊ विमान पन्नास-साठ किलोमीटरवरून दिसू लागले, एकाच वेळी अनेक लक्ष्यांचा माग ठेवता येऊ लागला. मोठा फायदा म्हणजे जमिनीच्या गोंधळातून खाली उडणारे विमान वेगळे काढता येऊ लागले. त्याला जोड मिळाली आर-७७ क्षेपणास्त्राची. पूर्वीच्या रडारवेधी क्षेपणास्त्राला लक्ष्य गाठेपर्यंत विमानाच्या रडारचा झोत लागे, म्हणजे वैमानिकाला शत्रूकडे नाक रोखून थांबावे लागे. आर-७७ मध्ये स्वतःचे छोटे रडार असते. शेवटच्या टप्प्यात ते आपली वाट आपण काढते आणि वैमानिक वळून निघू शकतो. जवळच्या लढाईसाठी आर-७३ आणि हेल्मेटवरचे लक्ष्यदर्शक आले. वैमानिकाने मान वळवायची, क्षेपणास्त्राने तिकडे पाहायचे.

हे सगळे एका देशाचे नव्हते. दिशादर्शक यंत्रणा फ्रेंच, काचेवर आकडे दाखवणारी यंत्रणा इस्रायली, शत्रूच्या रडारचा इशारा देणारे ‘तरंग’ भारतीय. वेगवेगळ्या देशांच्या पेट्या एकमेकींशी बोलू लागणे, हीच अशा कामातली खरी विद्या. ती आपल्या अभियंत्यांनी इथे कमावली, आणि माझ्या मते बायसनची सर्वांत मोलाची कमाई तीच.

फळ दिसायला वेळ लागला नाही. २००४ मध्ये ग्वाल्हेरच्या ‘कोप इंडिया’ सरावात अमेरिकेच्या एफ-१५सी विमानांसमोर बायसन उतरले. लहान आकारामुळे ते रडारवर उशिरा दिसे, आणि जवळ आल्यावर हेल्मेट व आर-७३ ची जोडी घातक ठरे. अमेरिकी वैमानिकांनी त्याची दखल घेतली. अर्थात त्या सरावात अमेरिकी विमाने संख्येने कमी होती आणि त्यांच्या क्षेपणास्त्रांवर मर्यादा घातल्या होत्या. हे न सांगता त्या सरावाच्या कथा सांगणे प्रामाणिक नाही.

नजर बदलली, शस्त्र बदलले. शरीर तेच राहिले. एकच इंजिन, पोटात इंधन थोडे, उतरतानाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. यातले काहीच रडारने बदलत नाही. मिग विमानांच्या अपघातांचे आकडे २०१२ मध्ये सरकारने संसदेत दिले: ८७२ पैकी ४८२ विमाने गेली, १७१ वैमानिक दगावले. हे सर्व प्रकारच्या मिग विमानांचे आकडे आहेत, एकट्या बायसनचे नव्हेत. पण तरुण मुले कोणत्या पिढीच्या यंत्रात बसत होती, हे त्यांतून कळते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी विमानांना तोंड द्यायला श्रीनगरहून वैमानिक अभिनंदन वर्धमान उडाले तेही बायसनमधूनच. आर-७३ ने एफ-१६ पाडल्याचे भारत सांगतो, पाकिस्तान नाकारतो. बायसन पडले याबद्दल वाद नाही. त्या विमानाला त्या दिवशी आघाडीवर जावे लागले, कारण त्याची जागा घेणारे विमान पुरेशा संख्येने आलेच नव्हते. तेजसची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली २०१६ मध्ये. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडहून मिग-२१ निवृत्त झाले तेव्हा मंजूर ४२ स्क्वॉड्रनपैकी २९ उरल्या. तात्पुरती सोय म्हणून केलेल्या डागडुजीवर आपण वीसेक वर्षे काढली.

हवाई दलाच्या जॅग्वार विमानाची गोष्ट वेगळी नाही. ‘डॅरिन-३’ योजनेत त्याच्या काही विमानांना आधुनिक इस्रायली रडार मिळाले, पण अशक्त इंजिन बदलण्याचा बेत खर्च व विलंबामुळे २०१९ मध्ये सोडून द्यावा लागला. मिराज-२००० च्या सुधारणेला २०११ च्या करारात सुमारे ११ हजार कोटी रुपये पडले, क्षेपणास्त्रांचा खर्च निराळा. विमान चांगले होते म्हणून ते पैसे सत्कारणी लागले, असे मला वाटते.

आता पाळी सुखोई-३० एमकेआयची. यातली बहुतेक विमाने ओझरलाच जुळली. इथेच त्यांतल्या एकाचा सांगाडा बळकट करून अडीच टनांचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली बसवले गेले आणि जून २०१६ मध्ये ते उडाले. देशी ‘अस्त्र’ क्षेपणास्त्रही सुखोईवर सिद्ध झाले. सुखोईच्या नाकात जागा आहे, दोन इंजिनांची ताकद आहे, सांगाड्यात आयुष्य शिल्लक आहे. बायसनकडे यातले काहीच नव्हते. देशी ‘विरूपाक्ष’ रडारसह सुधारणेला संरक्षण खरेदी परिषदेची पहिली मान्यता नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळाली. पहिले मान्यतापत्र ते स्क्वॉड्रन, हे अंतर आपल्याकडे फार लांबते. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए चे उड्डाण झाले, त्या सोहळ्याचे कौतुक आपण मनापासून केले. तितक्याच मनापासून नाशिकच्या खासदारांनी लोकसभेत विचारावे: पहिली सुधारित सुखोई हवाई दलाच्या हाती कोणत्या वर्षी पडणार? उत्तरात तारीख मिळेपर्यंत विचारत राहावे.