माणसाच्या वाटेला क्वचितच जाणारा जिवाणू

जालन्यात ‘बीटी’ म्हटलं की कपाशीचं बियाणंच डोळ्यांपुढे येतं. मूळचा बीटी मात्र मातीत राहणारा जिवाणू आहे: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. 1901 मध्ये जपानच्या इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला.

बीजाणू तयार करताना हा जिवाणू प्रथिनाचा स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात हा स्फटिक विरघळतो आणि ते प्रथिन आतड्याच्या पेशींना चिकटून भोकं पाडतं. अळी खाणं सोडते, दोन-तीन दिवसांत मरते. आपलं जठर आम्लधर्मी. शिवाय हे प्रथिन चिकटेल अशी जागा आपल्या आतड्यात नाही. म्हणून माणसाला या जिवाणूची बाधा अगदी विरळा. 1995 मध्ये सुरुंगाने जखमी झालेल्या एका फ्रेंच सैनिकाच्या जखमेत तो वाढला होता. अशा नोंदी थोड्याच. तरी अन्नविषबाधा करणाऱ्या बॅसिलस सीरियसचा तो सख्खा भाऊ, तेव्हा अगदीच साधुसंत समजू नये.

या प्रथिनाचं जनुक असलेली कपाशी जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने भारतात आणली; मार्च 2002 मध्ये तिला केंद्राची परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी तिला सरावली, हे शेतकऱ्यांना सांगायला नको.

जिवाणूची पावडर भाजीपाल्यावर फवारायलाही मिळते. ती संध्याकाळी फवारावी, उन्हात तिचा जोर ओसरतो. आणि जालन्यात आता रेशीम कोषांचा बाजार भरतो, तेव्हा रेशीमकिड्यांसाठी लावलेल्या तुतीच्या बागेजवळ ती अजिबात नको.