जामठ्यात आपलाच फिरकीपटू, पण केरळच्या संघात!

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, त्यामुळे आपला संघ म्हणजे विदर्भच. वर्षानुवर्षे रणजी करंडक क्रिकेट स्पर्धेत विदर्भाला कोणी हिशेबात धरत नव्हतं. मग 2017-18 मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, फैज फजल कर्णधार आणि मुंबईहून आलेला वसीम जाफर असा संघ जमला. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली आणि दिल्लीला 9 गड्यांनी लोळवलं. पुढच्या वर्षी सौराष्ट्रला हरवून पुन्हा चषक! त्या अंतिम सामन्यात फिरकीपटू आदित्य सरवटेचे 11 बळी.

नंतर उतार लागला. जाफर निवृत्त झाला, पुढे फजलही. 2023-24 मध्ये अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, पण वानखेडेवर मुंबईकडून हरला.

खरी गंमत 2024-25 ची. उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला घरी पाठवलं. नागपूरजवळच्या जामठा मैदानावरच्या अंतिम सामन्यात समोर केरळ, आणि केरळकडून खेळत होता आपला सरवटे! त्याने 79 धावा काढून आपल्यालाच घाम फोडला. (कोणासाठी टाळी वाजवावी, कळेना.) दानिश मालेवारच्या 153 धावांमुळे पहिल्या डावात 37 ची आघाडी मिळाली; सामना अनिर्णित राहिला आणि तेवढ्यावर तिसरा चषक आला. कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने दुसऱ्या डावात 135 केल्या. आपल्या हर्ष दुबेचे त्या हंगामात 69 बळी, हा रणजीतल्या एका हंगामातला विक्रम. त्यानंतर करुण कर्नाटकात परतला.