नाताळची गाणी आणि सुटीचा हक्क

'नाताळ' हा शब्द आपल्या मराठीत पोर्तुगिजांकडून आला आणि आता तो अगदी घरचा झाला आहे. ज्याने आयुष्यात कधी देवळाबाहेर चर्चची पायरी चढली नाही, असा मनुष्यही 'नाताळच्या सुटीत गावी जाऊन येऊ' असे सहज म्हणतो. या सणाच्या नावाला 'सुटी' हा शब्द आपल्याकडे कायमचा चिकटला आहे. आज आम्ही जे सांगणार आहोत ते या चिकटलेल्या शब्दाविषयीच आहे.

विलायतेतील नाताळचे एक ठरीव चित्र आपण गोष्टींच्या पुस्तकांत आणि चित्रपटांत पाहिलेले असते. बाहेर बर्फ पडते आहे, घरात शेकोटी पेटली आहे, कोपऱ्यात मेणबत्त्यांनी सजविलेले झाड आहे, दूरदूरचे मुलगे-मुली घरी आले आहेत आणि सारे मिळून गाणी म्हणत आहेत. हे चित्र शेकडो वर्षांचे जुने असावे असे वाटते. शिवाय त्या गाण्यांत एक हुरहूर असते. आनंदाचा सण, मग गाण्यात ही हुरहूर कोठून आली?

आम्ही काही पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या वाचनालयात अधिक झाले. उमेदीची वर्षे कारखान्याच्या दारात आणि मालकांच्या मेजासमोर, पगाराच्या आणि रजेच्या वाटाघाटी करण्यात गेली. त्यामुळे कोणताही सण पाहिला, की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : या दिवशी सुटी कोणाला होती आणि ती कोणी मिळविली? हाच प्रश्न नाताळला विचारला, म्हणजे वरच्या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

प्रथम इतिहास पाहू. इ. स. १६४७ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ, ईस्टर वगैरे सण कायद्याने रद्द केले. त्या काळी तेथे प्युरिटन पंथाचे प्राबल्य होते. या सणाला बायबलात आधार नाही आणि सणाच्या नावाखाली दारू व दंगा चालतो, असे त्यांचे म्हणणे. परंतु सण गेला म्हणजे नोकरांची आणि उमेदवारांची सुटीही गेली. हे पार्लमेंटच्याही ध्यानात आले होते, म्हणून दर महिन्याचा दुसरा मंगळवार नोकर, उमेदवार व विद्यार्थी यांना करमणुकीसाठी मोकळा द्यावा असे त्याच वेळी ठरविण्यात आले. हिशेबाने पाहिले तर वर्षाला बारा दिवस पदरात पडले! तरीही लोकांचे समाधान झाले नाही. त्याच वर्षीच्या नाताळात कँटरबरी शहरात मोठी दंगल उसळली आणि ज्यांनी त्या दिवशी दुकाने उघडली होती त्यांच्या मालाची लोकांनी नासधूस केली. मोकळा मंगळवार मिळाला होता खरा, पण त्या मंगळवारला ना गाणे होते, ना पक्वान्न, ना कोणाच्या घरी जाण्याचे निमित्त. १६६० साली राजा परत आला आणि त्याच्यामागून सणही परत आला.

पुढे वाफेची यंत्रे आली, गावे ओस पडू लागली, गिरण्यांची शहरे वाढली आणि वर्षातील सणवार भराभर कमी होत गेले. यंत्राला पंचांग कळत नाही. १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील मुलांना व तरुण कामगारांना वर्षातून दोन पूर्ण दिवस सुटी देण्याची सक्ती केली. एक नाताळ आणि दुसरा गुड फ्रायडे. याखेरीज आठ अर्धे दिवस. लहान मुलांना वर्षातून दोन दिवस मिळावेत यासाठीही कायदा करावा लागला, यावरून त्यापूर्वीची स्थिती काय असेल याची कल्पना श्रोत्यांनी करावी.

या कायद्यानंतर दहा वर्षांनी, १८४३ च्या डिसेंबरात, चार्ल्स डिकन्सने 'अ ख्रिसमस कॅरल' ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. डिकन्स स्वतः वयाच्या बाराव्या वर्षी बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवीत होता. वडील कर्जापायी तुरुंगात होते. त्याच्या गोष्टीतला कंजूष स्क्रूज आपल्या कारकुनाला नाताळचा एक दिवस भरपगारी देतो, पण तो देताना जणू आपला खिसाच कापला गेला अशी कुरकुर करतो. पुढे भुते येतात, स्क्रूजचे हृदयपरिवर्तन होते, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्यासारख्याला मात्र त्या गोष्टीचा गाभा या कुरकुरीतच दिसतो. एका गरीब कारकुनाच्या घरचा सण मालकाच्या एका शब्दावर लोंबकळत होता, ही त्या काळची वस्तुस्थिती होती.

आपण ज्याला 'जुना घरगुती नाताळ' म्हणतो, तो बहुतांशी याच सुमारास घडला. पहिले छापील नाताळ-भेटकार्ड लंडनमध्ये हेन्री कोल याने १८४३ सालीच काढविले. त्याची किंमत एक शिलिंग होती, म्हणजे मजुराच्या आवाक्याबाहेरच. सजविलेल्या झाडाची चाल मूळची जर्मनांची. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब अशा झाडाभोवती उभे असल्याचे चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आले, आणि मग ती चाल मध्यमवर्गात झपाट्याने पसरली. आगगाड्या धावू लागल्या म्हणून दूरच्या मुलाला एका दिवसात घर गाठता येऊ लागले. १८७१ च्या कायद्याने नाताळच्या दुसऱ्या दिवसाचीही सुटी इंग्लंडात मान्य झाली. स्कॉटलंडमध्ये तर नाताळ ही सार्वजनिक सुटी व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर तेथील पुष्कळ कामगार त्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर जात आणि खरा सण नववर्षाला करीत. तेव्हा शेकोटीभोवतीचे ते कुटुंब एकत्र येण्यासाठी आधी कायदा, आगगाडी आणि रजा या तिन्हींची गाठ पडावी लागली.

आता गाण्यांकडे वळू. ही गाणी राजवाड्यात जन्मली नाहीत. शेफिल्ड हे पोलादाचे आणि सुऱ्या-कात्र्यांचे शहर. त्याच्या आसपासच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात चर्चच्या चालकांनी जुने गावठी वादक आणि गायक बाजूला सारले आणि त्यांच्या जागी ऑर्गन व शिस्तशीर गायकवृंद आणले. तेव्हा गावकऱ्यांनी काय केले? त्यांनी आपली गाणी उचलली आणि गावच्या दारूगुत्त्यात नेली! आजही तेथे नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत दर रविवारी दुपारी लोक जमतात आणि वाडवडिलांच्या चालींवर ती गाणी गातात. मेंढपाळांच्या एकाच गाण्याला तेथे अनेक चाली आहेत. आपल्याकडे एकच अभंग गावोगावी निरनिराळ्या चालींवर म्हणतात, तसेच हे.

जगभर गायिल्या जाणाऱ्या 'सायलेंट नाइट' या गाण्याची हकीकतही अशीच. त्याचे मूळ जर्मन शब्द योसेफ मोर या तरुण पाद्र्याने १८१६ साली लिहिले. याची आई विणकाम करून पोट भरणारी आणि बाप घर सोडून गेलेला शिपाई. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती आणि त्या वर्षी युरोपभर पिके बुडाली होती. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या नदीकाठच्या गावी फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तराने त्याला चाल लावली आणि दोघांनी ते त्याच रात्री गिटारवर म्हटले. पुढे ते गाणे गावाबाहेर नेले कोणी? टिरोल प्रांतातील श्ट्रासर नावाच्या कुटुंबाने. ही मंडळी हातमोजे विकणारी. हिवाळ्यात लाइपत्सिकच्या जत्रेत माल घेऊन जात आणि गिऱ्हाईक जमावे म्हणून गात. पोटासाठी घर सोडून निघालेल्या फेरीवाल्यांनी घरच्या शांत रात्रीचे गाणे परमुलखात पोचविले. त्यातील हुरहुरीचे कारण आणखी वेगळे सांगायला नको.

हेच गाणे १९१४ च्या नाताळात फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर ऐकू आले. २४ डिसेंबरच्या रात्री जर्मन खंदकांतून त्याचे सूर निघाले, पलीकडून इंग्रज शिपायांनी आपली गाणी म्हणून साद दिली आणि दुसऱ्या दिवशी कित्येक ठिकाणी दोन्हीकडचे लोक मधल्या जमिनीत येऊन हस्तांदोलन करू लागले. सिगारेटी आणि बटणे यांची देवघेव झाली, मृतांना मूठमाती दिली गेली. हे सारे शिपाई म्हणजे काल-परवापर्यंतचे खाणकामगार, विणकर, कारकून, शेतमजूर. त्यांनी कोणाची परवानगी न घेता एक दिवसाची सुटी काढली, असे आम्ही म्हणतो. सेनापतींना ती मुळीच रुचली नाही. पुढच्या वर्षी असा प्रकार होऊ नये म्हणून सक्त हुकूम सुटले.

दुसऱ्या महायुद्धात या हुरहुरीला नवे गीत मिळाले. 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणे रचणारा अर्व्हिंग बर्लिन हा ख्रिस्ती नव्हे. रशियातून पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला तो गरीब ज्यू निर्वासित. १९२८ साली नाताळच्याच दिवशी त्याचा तीन आठवड्यांचा मुलगा वारला होता. गाण्याच्या मूळच्या सुरुवातीला, जी बहुधा गाळली जाते, कॅलिफोर्नियाच्या उन्हात बसून उत्तरेकडील बर्फाची आठवण काढणारा मनुष्य आहे. म्हणजे हे गाणे बर्फात बसलेल्याचे नाही, बर्फापासून दूर पडलेल्याचे आहे. बिंग क्रॉस्बीने ते १९४२ साली ध्वनिमुद्रित केले आणि पॅसिफिकच्या दमट बेटांवर पडलेल्या शिपायांनी ते रेडिओवर पुनःपुन्हा मागून ऐकले. त्यात युद्धाचा एकही शब्द नाही. पुढच्याच वर्षी त्याच गायकाने दुसरे एक गाणे म्हटले. त्यात दूर असलेला एक जण 'नाताळला येतो' असे घरी कळवितो आणि शेवटी ते येणे कदाचित स्वप्नातच घडेल, अशी कबुली देतो. रजा नामंजूर झालेल्या माणसाचे पत्र याहून निराळे काय असते?

गाणे ऐकताच जुना काळ डोळ्यांपुढे का उभा राहतो, यात गूढ असे काही नाही. बारा महिने कानावर पडणारे गाणे कोणत्याच दिवसाचे राहत नाही. जे गाणे वर्षातून एकदाच, त्याच ऋतूत, त्याच माणसांत आणि त्याच फराळाच्या वासात ऐकू येते, ते त्या सर्वांना बांधून ठेवते. आपल्यापैकी ज्यांनी दिवाळीच्या पहाटे उटण्याच्या वासात रेडिओवरचे कीर्तन ऐकले आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गाण्याची गाठ एकत्र बसण्याशी आहे. ज्या वर्षी एकत्र बसणे घडत नाही, त्या वर्षी तेच गाणे काळजाला झोंबते.

आपल्याकडे हा प्रश्न कमी तीव्र नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची एक सुटीसुद्धा ठरलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी चळवळ केली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा विलायतेत चर्चचा वार आणि आपल्याकडे खंडोबाचा. सुटी मिळाल्यावर ती कोणत्या देवाच्या चरणी वाहायची, हे ज्याचे त्याने ठरवावे! त्याच मुंबईत धोबीतलाव-गिरगावकडे गोव्याच्या गावागावांचे 'कूड' होते. बोटीवर नोकरी करणारे खलाशी, आचारी, बँडवाले तेथे उतरत. ज्याची बोट डिसेंबरात समुद्रावर, त्याच्या घरच्या नेवऱ्या आणि दोदोल त्याच्यावाचूनच होत.

आणि आजही हे संपलेले नाही. नोव्हेंबर सरला नाही तोच मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत 'जिंगल बेल्स' वाजू लागते. ही १८५७ साली छापलेली घसरगाडीची गंमत. तिच्यात नाताळचा उल्लेखदेखील नाही. ते गाणे दिवसाकाठी दहा-दहा तास उभ्याने ऐकणारी विक्रेती मुलगी, पंचवीस डिसेंबरच्या रात्री दुचाकीवरून केक पोचविणारा पोरगा, रुग्णालयातील परिचारिका, बसचा वाहक, यांची त्या दिवशी ड्यूटी असते. काही कामे थांबविता येत नाहीत, हे आम्हांला मान्य आहे. पण त्यावर कामगारांनी स्वतःच एक उपाय काढलेला आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. वसईकडची ख्रिस्ती परिचारिका लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण होऊन पाळी घेते आणि नाताळच्या आदल्या रात्री तिची हिंदू अगर मुसलमान मैत्रीण तिच्या जागी उभी राहते. ईदला पुन्हा अदलाबदल होते. कोणत्याही करारात हे कलम नाही. सर्वधर्मसमभावावरची पुष्कळ भाषणे आम्ही ऐकली, पण पाळीच्या तक्त्यावर खडूने खोडून लिहिलेली ती दोन नावे आम्हांला अधिक पटतात.

मात्र अशी अदलाबदल करायलाही मुळात रजा नावावर असावी लागते. ज्यांचे काम रोजावर किंवा खेपेवर आहे, त्यांच्या नावावर रजाच नसते. सणाच्या दिवशी घरी बसले की त्या दिवसाची कमाई बुडते. स्क्रूजने कुरकुर करीत का होईना, पगार कापला नव्हता! खेपेवर काम करणाऱ्या आजच्या पोराच्या वाट्याला तेवढेही येत नाही, आणि कुरकुर करायला समोर मालकाचे तोंडही दिसत नाही. भरपगारी सणाची रजा या लोकांपर्यंत पोचविणे, हे आमच्या पिढीच्या हातून अर्धेच राहिलेले काम आहे. येत्या डिसेंबरात ती गाणी आपण अवश्य ऐकावीत, घरच्यांना घेऊन ऐकावीत. आणि दारात केक घेऊन उभ्या राहिलेल्या पोराला, त्याला घरी जायला आज किती वाजतील, एवढे तरी विचारावे.